मंजुळेचं अक्षर

१

धामणगाव बढ्याच्या पोस्टात तारेचं टेबल खिडकीपाशी होतं. पंजाबराव सकाळी आले की आधी टेबल पुसत, मग पितळी चावी पुसत, आणि मग पलीकडच्या ठेसनांना रामराम घालत. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावात फोन नव्हता. तार होती, आणि तारेला पंजाबराव होते.

चावी म्हणजे एक लहानसा दांडा. तो दाबला की तारेतून ठोका जातो. आखूड दाबला तर आखूड, लांब दाबला तर लांब. पलीकडचा ठोका इकडे साउंडरच्या पितळी जिभेवर वाजतो. कट्ट, कडकट्ट. प्रत्येक अक्षराचे ठोके ठरलेले असतात. कान असलेल्या माणसाला त्या कटकटीत माणसं बोलताना ऐकू येतात, आणि ओळखूही येतात. मोताळ्याचे माणिकराव तोंडात पान असल्यासारखे घाईत वाजवत. मलकापूरचे रंगराव दर अक्षराला दम घेत. बुलढाण्याचे भगवंतराव मोठ्या ठेसनाचे, त्यांचे ठोके इस्त्री केल्यासारखे. याला तारेतले लोक 'हात' म्हणत. आज तुमचा हात जड आहे का, असं ते एकमेकांना विचारत, जसं आपण आवाज बसला का म्हणून विचारतो.

दुपारी पंजाबरावांची लेक मंजुळा डबा घेऊन येई. आठ-नऊ वर्षांची असेल. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणंही नव्हतं. गावानं तिच्या नावाची मजा केली होती. "बहिरीचं नाव मंजुया! आंधयाचं नाव नयनसुख म्हन्तेत, तसं झालं हे."

"नाव तिले देलं," पंजाबराव म्हणत. "तुमाले नाही देलं."

ते बोलत कमी, पण बोलले की तिथंच थांबत.

पोरीला त्यांनी तारेचे ठोके शिकवले होते. पाटीवर अक्षर काढायचं आणि तिच्या तळव्यावर बोटानं त्याचे ठोके द्यायचे. वर्षभरात ती त्यांच्या मनगटावर बोट वाजवून बोलू लागली. काय काय बोले! बोराच्या झाडाला बोरं आली. आईनं मला मारलं. चिमणीच्या पोटात काय असतं?

अडलं ते एका अक्षराशी. आमच्या भागात ळ तसाही तोंडात कमीच. केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया. पंजाबरावांना शिकवलेल्या ठोक्यांतही ळ नव्हता. कुठं ठरवला असेल तर त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. वरून सांगणं असं, की ळ आला तर ल पाठवा, लोक समजून घेतात. लोक घेतातही. पण लेकीला तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा सांगायचं, तेही समजून घे म्हणून?

पंजाबरावांनी मग ळ स्वतः घडवला. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. आणि तो शेवटचा ठोका देऊन बोट उचलायचं नाही. तळव्यावरून मनगटाकडं हळूच मागं ओढायचं, ळ म्हणताना जीभ मागं वळते तसं.

ते ओढणं तारेतून जाणारं नव्हतं. जायचं कारणही नव्हतं. बापाच्या बोटात आणि लेकीच्या तळव्यात ते अक्षर राहत होतं, आणि तिथं ते सुखात होतं.

२

एका दुपारी पोरगी डबा ठेवून गेली. तार मोकळी होती. पंजाबराव हात धुऊन, पंच्याला पुसत टेबलाशी आले, आणि साउंडर वाजू लागला.

म. मग अनुस्वार. मग जु.

पंजाबराव पंचा हातात घेऊन उभे राहिले.

दोन लांब, एक आखूड, एक लांब. आणि त्याच्यामागं पितळेवर पितळ घासल्याचा बारीक आवाज. साउंडरची जीभ वर उचलली गेली नाही. ती कडेला सरकली, मागं, आणि मग सुटली.

पंजाबरावांना आधी वाटलं, आपणच वाजवलं. रोज तळव्यावर वाजवतो, बोटाला सवय झाली असेल. मग त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हातांत पंचा होता.

त्यांनी मोताळ्याला विचारलं, आत्ता कोण वाजवत होतं?

माणिकरावांचं उत्तर लगेच आलं. तारेवरसुद्धा ते घरच्यासारखंच बोलत. "तुमीच त वाजवून राह्यले. अन् काऊन हो, ते शेवटी काय होतं? चावीले ठसका लागला का?"

"मी नोयतो."

"बस्स का पंजाबराव! तुमचा हात मी वयखत नाही का? झोप झाली नसन त घरी जा."

मलकापूरच्या रंगरावांनीही दम घेत घेत तेच सांगितलं. हात तुमचाच.

माणसाला स्वतःचा आवाज जसा परका वाटतो तसा स्वतःचा हातही ओळखू येत नाही. पंजाबरावांनी चावीचा स्क्रू आवळला, साउंडर पुसला. कुठंतरी ओल धरली असेल. तारेत जुना ठोका अडकून राहत असेल आणि मग सुटत असेल. असं होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण जुना ठोका म्हटला तरी तो आपण आधी कधीतरी पाठवलेला पाहिजे ना? आणि पोरीचं नाव त्यांनी तारेवर कधीच पाठवलं नव्हतं.

३

गावाबाहेर खांबांची आणखी एक रांग होती. कुठल्याशा खात्यानं डोंगराच्या पायथ्याला छावणी टाकली होती, तिच्यासाठी तार नेली होती. छावणी उठली. खांब राहिले, वरची तारही राहिली, पण ती मेलेली होती. गावाकडचं तिचं टोक पंजाबरावांनीच तोडलं होतं आणि वेटोळं करून पहिल्या खांबाला बांधून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात एक दिवस ते पोस्टातून घरी चालले होते. ऊन उतरलं होतं. पहिल्या खांबाशी मंजुळा उभी दिसली. तिनं दोन्ही तळवे खांबाला लावले होते, गालही लावला होता, आणि ती हसत होती.

खांब गुणगुणतो हे पोरांना माहीत असतं. वारा असला की सगळेच खांब गुणगुणतात. तिला ऐकू येत नाही, तळव्याला लागत असेल, म्हणून हसत असेल. पंजाबरावांना आधी बरंच वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की वारा नाही. बाजूच्या कपाशीचं पान हलत नव्हतं.

त्यांची सावली खांबावर पडली. तिनं वळून पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं. ती कधी त्यांच्याकडं पाही, कधी खांबाकडं.

पंजाबरावांनी तिचा हात घेऊन तळव्यावर विचारलं, काय आहे इथं?

तिनं त्यांच्या मनगटावर वाजवलं, "तुम्ही."

"मी काय?"

"तुम्ही बोलता. पोस्टातून. रोज." मग बोट थांबलं. पुन्हा सुरू झालं. "पण तुम्ही तर इथं आहात."

"मी काय म्हणतो?"

"माझं नाव. आणि पुढच्या खांबापाशी ये म्हणता."

४

घरी सरस्वतीबाई भाकरी थापत होत्या. ऐकता ऐकता त्यांची थाप थांबली.

"पहिल्या हाकेले ओ द्याची नसते," त्या म्हणाल्या. "तीनदा नाव घेतलं तवाच समजाचं का मानूस हाय. आपल्या मायनं आपल्याले शिकोलं."

"हाव."

"इले कोनं शिकोलं?"

बहिऱ्या पोरीला हाकेचं भय कोण शिकवतो? तिला कधी हाक ऐकू जाईल असं घरात कोणाच्या मनात आलं नव्हतं. विहिरीचं, सापाचं भय तिला सांगितलं होतं. हाकेचं राहून गेलं होतं.

"नाव बदला तिचं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "शकुंतला म्हना, काईबी म्हना. ते अक्षरच नको घरात. तुमी ते केलं, अन् ते कोनं तरी आयकलं."

"कोनं आयकलं?"

"मले काय इचारता? मले काय मालूम?"

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी पोस्टमास्तर चिंतामणरावांना सांगून पाहिलं. चिंतामणराव बुलढाण्याच्या शिकलेल्या घरातले, माणूस भला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पंजाबराव, एक सांगा. आपल्या ठोक्यांत ळ आहे का?"

"नाही साहेब."

"मग जे नाहीच, ते वाजेल कसं? उन्हाचं काम आहे. दोन दिवस रजा घ्या. आणि पोरीला ल शिकवा. मंजुला. वाईट दिसत नाही."

"मंजुला माही पोरगी नाही," पंजाबराव म्हणाले.

त्या संध्याकाळी ते एकटेच पहिल्या खांबाशी गेले. तुटलेलं टोक होतं तिथंच होतं, वेटोळ्यात. त्याच्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. म्हणजे कोणी हात लावलेला नव्हता. पंजाबरावांनी खांबाला तळवा लावला. तापलेलं लोखंड, बाकी काही नाही. ते हसले सुद्धा, स्वतःवर.

मग खांबाच्या आतून, त्यांच्या तळव्याच्या बरोबर मधोमध, कोणीतरी ठोका दिला. एक, मग दुसरा. सावकाश, नीट, न शिकलेल्या माणसाला समजावं तसे. त्यांच्या लेकीचं नाव. आणि शेवटी लोखंडाच्या पलीकडून एक बोट त्यांच्या तळव्यावरून मनगटाकडं ओढलं गेलं.

ते ओढणं फार मायेचं होतं. पंजाबरावांना पुढं आयुष्यभर भीती वाटली ती त्या मायेची.

५

त्यांनी पोरीला बजावलं, खांबापाशी जायचं नाही.

ती रागावली. तिनं त्यांच्या मनगटावर इतक्या जोरात वाजवलं की कातडी लाल झाली. "तुम्हीच बोलावता आणि तुम्हीच अडवता."

"तो मी नाही."

"तुमचंच बोट आहे."

"तो खोटं बोलतो."

तिनं त्यांच्याकडं बघत हळूहळू वाजवलं. "तो म्हणतो, घरातले बाबा खोटं बोलतात."

पंजाबरावांचे हात तिच्या हातातच राहिले. काय सांगावं? जे सांगतील ते तिकडूनही सांगितलं जाणार होतं, त्याच ठोक्यांत, त्याच हातानं. आवाज असता तर तिनं आवाज ओळखला असता. त्यांनी तिला बोलणं दिलं होतं ते असं, की दाराला कडी एकच आणि ती बाहेरूनही निघते.

तिसऱ्या प्रहरी सरस्वतीबाई पोस्टाच्या दारात आल्या. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही. "पोरगी घरात नाही!"

पंजाबराव धावले. ते जन्मात इतके धावले नसतील. खांबामागून खांब गेले. शेतं संपली, बरड लागलं, पळसाची झुडपं लागली. शेवटचा खांब दगडाच्या खाणीशी होता. तिथं तार संपत होती. तिचं तिकडचं टोक खांबाच्या खुंटीला गुंडाळलेलं होतं, हे छावणी उठली तेव्हा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मंजुळा त्या खांबाशी नव्हती. त्याच्याही पुढं चालली होती, हात समोर धरून, तळवे उघडे.

पंजाबरावांनी तिला मागून उचललं. ती ओरडली, ती ओरडते तेव्हा तो आवाज पाखराचा वाटतो. तिला खांद्यावर टाकताना त्यांची नजर वर गेली.

तार खुंटीवर संपली नव्हती. ती पुढं गेली होती. पुढं खांब नव्हता, झाड नव्हतं, नुसतं बरड आणि उन्हाची झळ. त्या झळीत तार जरा खाली झोळ घेऊन गेली होती, दुसरं टोक कुठंतरी बांधलेलं असल्यावर घेते तशी. आणि त्या टोकाशी कोणी ती हातात धरून उभं असावं, तशी ती मधूनमधून ताणली जात होती.

पंजाबरावांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर टोक दिसलं असतं.

६

ते घरी गेले नाहीत. पोरीला घेऊन सरळ पोस्टात आले आणि तिला तारेच्या टेबलाशी, आपल्या खुर्चीवर बसवलं. तिचे तळवे टेबलाच्या फळीवर ठेवले. साउंडर वाजला की फळी थरथरते. सरस्वतीबाई दारातच बसल्या.

"हे काय चाललंय पंजाबराव?" चिंतामणराव उठून आले.

"तार पाठवतो."

"कोणाला?"

"सगयाईले."

"काय म्हणून?"

"पोरीचं नाव. पुरं."

चिंतामणराव गोंधळले. "अहो, ते अक्षर आपल्यात नाही. मोकळ्या तारेवर मनाचे ठोके पाठवले तर वर कळेल. नोकरी जाईल."

"जाऊ द्या." पंजाबराव उभ्यानंच चावीवर वाकले. "साहेब, हे अक्षर आमच्या दोघांपाशीच होतं. मी लपवून ठेवलं. दोघांचं होतं म्हनून तिसऱ्याले उचलता आलं. आता सगयाईचं करतो. मंग पाहू त्याले एकट्याले काय भाव हाय."

"कोणाला?"

पंजाबरावांनी सगळ्या ठेसनांना हाक दिली. मग वाजवलं: नवीन अक्षर घ्या. आणि ळ वाजवला. माझ्या मुलीचं नाव घ्या. आणि मंजुळेचं नाव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

तारेतल्या लोकांचा एक रिवाज असतो. अनोळखी शब्द आला की पलीकडचा तो परत वाजवून दाखवतो, बरोबर घेतला ना म्हणून. पंजाबराव त्या रिवाजावर विसंबून होते. पण नसलेलं अक्षर कोण परत वाजवणार?

पहिल्यांदा माणिकराव वाजले. पान खाल्लेल्या घाईत, ळ जरा चुकवून, मग पुन्हा नीट: मंजुळा. आणि पुढं, "साजरं नाव हाय. हे काय नवीन काढलं बे?"

मंजुळा खुर्चीत ताठ झाली. फळीतून तिच्या तळव्याला तो हात कळला. बापाचा नव्हता. तिनं डोळे मोठे करून वडिलांकडं पाहिलं.

मग रंगराव, दम घेत घेत: मंजुळा.

आणि किती तरी वेळानं बुलढाण्याचा इस्त्रीचा हात. भगवंतराव साहेबमाणूस. त्यांनी आधी विचारलं, हे कोणाच्या हुकमानं? पंजाबरावांनी वाजवलं, बापाच्या. मग सावकाश, एक ठोका न चुकवता: मंजुळा.

पोरगी हसली. इतक्या माणसांनी तिचं नाव आजवर घेतलंच नव्हतं. गावात घेत असतील, पण ते तिच्यापर्यंत कधी आलं होतं?

७

पंजाबरावांनी चावी सोडली. दोन पावलं मागं सरून ते भिंतीला टेकले आणि आपले दोन्ही हात तिच्यासमोर उघडे धरले.

ते वाट पाहत होते.

साउंडर वाजला. माणिकराव नव्हेत, रंगराव नव्हेत, भगवंतराव नव्हेत. साधा, मऊ, जरा संथ हात. म. अनुस्वार. जु. दोन लांब, एक आखूड, एक लांब. आणि पितळेची जीभ कडेला सरकून मागं ओढली गेली. दारात सरस्वतीबाईंनी पदर तोंडात धरला. चिंतामणरावांनी चष्मा काढला तो हातातच राहिला.

मंजुळेच्या तळव्याला कळलं. ती सवयीनं हसू लागली, आणि तिनं वडिलांच्या हातांकडं पाहिलं.

ते रिकामे होते. भिंतीपाशी, लांब.

ती साउंडरकडं बघत राहिली. पुन्हा नाव आलं, अधिक मायेनं. तिनं पुन्हा हातांकडं पाहिलं. तिच्या तोंडावरून हसू उतरलं, तिथं भीती आली, आणि भीतीच्या मागून जे आलं ते पंजाबरावांनी आपल्या लेकीच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं.

ती खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिनं चावीवर बोट ठेवलं. तिनं चावी कधी वाजवली नव्हती. तळव्यावर वाजवावं तसं तिनं वाजवलं.

"तू बाबा नाहीस."

साउंडर सुरू झाला. तिनं त्याला बोलू दिलं नाही. चावी खाली दाबली आणि दाबूनच धरली. चावी दाबून धरली की तार अडते, मग पलीकडच्या कोणालाही बोलता येत नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी बोलत असेल तर त्याच्या तोंडावर हात ठेवावा, इतकंच तिला सुचलं असावं.

चावी तिच्या बोटाखाली हलू लागली.

पंजाबरावांना ते नीट दिसलं. पितळी दांडा केसभर वर येई, पुन्हा खाली जाई. खालून कोणी आपलं बोट लावून तो उचलत होतं. पोरीचं नख पांढरं पडलं. तिनं दुसरा हात वर ठेवला. टेबल करकरलं. पंजाबराव धावून पुढं आले, त्यांनी तिच्या हातावर हात ठेवायला घेतला, आणि तिनं कोपरानं त्यांना ढकललं. वळून पाहिलंही नाही.

"धर," पंजाबराव म्हणाले, तिला ऐकू जाणार नव्हतं तरी. "धर माय. सोडू नको."

किती वेळ गेला ते तिथल्या कोणालाच नंतर सांगता आलं नाही. खिडकीबाहेर बाजाराची माणसं चालली होती. एक बैलगाडी गेली. आणि मग दांडा वर यायचा थांबला. एकदम थांबला नाही. थकल्यासारखा, किंवा ऐकून घेतल्यासारखा, हळूहळू.

मंजुळेनं बोट उचललं. त्याच्यावर चावीचा गोल वळ उठला होता.

साउंडर लगेच वाजला. सगळे दचकले. पण ते माणिकराव होते. "कोनं धरून ठेवली होती बे तार? हा हात कोनाचा हाय? मी वयखत नाही हा हात."

पंजाबराव उत्तर द्यायला वाकले. मंजुळेनं त्यांचा हात बाजूला केला. खिडकीबाहेर, लांब, डोंगराकडच्या रांगेतली मेलेली तार वाऱ्याशिवाय झुलत होती. ती तिला दिसली. तिनं खुर्ची जरा वळवली, त्या तारेकडं पाठ केली, आणि चावीवर बोट ठेवून, ओळखत नाही म्हणणाऱ्या माणसाला आपलं नाव सांगू लागली. ळ आला तेव्हा तिनं बोट मागं ओढलं नाही. ठोका दिला, आणि उचललं.